एकशे अठरा नंबरचा शिक्का

टायटसव्हिल, फ्लोरिडा
४ मार्च

प्रिय डाल्टन,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू आधी वाँडाला हाक मारून विचारलं असशील, "आता कोण गेलं?" कुणी गेलेलं नाही. सगळे धडधाकट आहेत. इमोजीनमावशीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. अगदी दाराजवळ गाडी लावायचा पास तिला मिळालाय, तेव्हापासून ती चर्चला सगळ्यांच्या आधी पोचते.

वाँडाचा गुडघा कसा आहे? आणि तुझी शाळेची बस? व्हॅल्डोस्टाची पोरं अजून मागच्या सीटखाली च्युइंगगम चिकटवतात का?

ख्रिसमसकार्डावर दोन ओळी आणि ममाच्या अंत्यविधीला दहा मिनिटं हवामानावर, बारा वर्षांत आपलं बोलणं ते एवढंच. नातेवाइकांना वाटतं, डॅडींच्या बोटीवरून आपलं बिनसलं. मीही विचारणाऱ्याला तेच सांगत आले. खरं म्हणजे बोट तू नेलीस ते बरंच झालं. मला तिचं इंजिन कधी सुरूच करता आलं नाही.

कामाचं सांगते. मागच्या आठवड्यात नवा उपग्रह आला. पार उत्तरेकडे, कॅनडात, जिथे तार टाकणं परवडत नाही अशा गावांना फोन, टीव्ही, इंटरनेट पुरवणार आहे म्हणे. मालकांची माणसं रोज काचेपलीकडे उभी राहून बघत असतात, बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभी असावीत तशी. कॉफी मात्र आमचीच पितात. तू इथे कामाला होतास तेव्हापेक्षा हॉल मोठा झालाय, पण आत जायची तऱ्हा तीच. पांढरा झगा, डोक्याला टोपडं, बुटांवर पिशव्या, आणि नाकाला खाज सुटली तरी हात वर न्यायचा नाही.

लाल झाकणांचं काम यंदा माझ्याकडे आहे. चौसष्ट झाकणं. इंधनाच्या नळ्या, कॅमेरे, आरसे, जे जे धुळीपासून जपायचं त्यावर एकेक लाल झाकण आणि "उडण्यापूर्वी काढा" लिहिलेली फीत. ती शेवटच्या दिवशी काढायची आणि मग अग्निबाणाच्या टोकाचे दोन अर्धे भाग उपग्रहाभोवती मिटायचे. त्यानंतर आत काय राहिलं ते माणसाला दिसत नाही.

माझ्या जोडीला एमेट सेअर नावाचा माणूस आहे. नौदलात वीस वर्षं काढलेला. हात चलाख, तोंड त्याहून चलाख. तू मला पहिल्या दिवशी जे सांगितलं होतंस, तेच मी त्याला सांगितलं. करणारा एक, बघणारा दुसरा. करणाऱ्याने हात काढला की बघणाऱ्याने जवळ जाऊन आपल्या डोळ्यांनी बघायचं आणि मगच कागदावर आपल्या नंबरचा शिक्का मारायचा. शिक्का कुणाला द्यायचा नाही, कुठे ठेवायचा नाही, झोपताना काढलास तरच खिशाबाहेर. एमेट म्हणाला, "बाई, लग्नात मला याच्यापेक्षा कमी शपथा होत्या."

आज मी पाहिलं तर सरावाच्या कागदावर त्याने सकाळीच सगळ्या ओळींवर शिक्के मारून ठेवले होते. झाकणं आम्ही दुपारी काढणार होतो. मी कागद तसाच फाईलला लावला. सराव तर होता.

हे तुला का लिहितेय कोण जाणे. लिहावंसं वाटलं. टोक मिटायचा दिवस पंधरा तारखेचा आहे. वाँडाला माझी आठवण सांग.

तुझी,
रॉयलीन

*

टायटसव्हिल
१६ मार्च

डाल्टन,

आधी एक काम कर. ऑफिसकडून तुझ्या नावाने एक जाड पाकीट येणार आहे. ते आधी आलं असेल तर उघडू नकोस, हे वाच. ते सोमवारी निघणार असं कळलं, म्हणून मी आज दुपारीच स्वतः पोस्टात जाऊन हे टाकणार आहे.

काल टोक मिटायचं होतं. सकाळपासून सगळं सुरळीत. झाकणं मी काढत होते, एमेट बघत होता, निघालेलं झाकण फळ्यावर आपल्या खिळ्याला टांगलं जात होतं. टोकाचा एक अर्धा भाग जागेवर बसला. दुसरा क्रेनला लटकून हळूहळू सरकत येत होता. शेवटची सहा झाकणं पलीकडच्या अंगाची. ती मी लिफ्टमध्ये चढून काढली आणि खाली आले. एमेट फळ्यापाशी उभा. त्याच्या हातातल्या कागदावर चौसष्टच्या चौसष्ट शिक्के.

मी विचारलं, "पलीकडची सहा पाहिलीस?"

"चौसष्ट झाकणं फळ्यावर आहेत, रॉयलीन. मोजून घे, पैसे लागत नाहीत."

"फळ्याचं नाही विचारलं. वर गेलास का?"

"लिफ्ट यायची, मी चढायचो, बघायचो, उतरायचो, चाळीस मिनिटं. क्रेनवाला तिकडे घामाघूम झालाय. तू काढलीस ना? मग झालं. तुझ्यावर माझा विश्वास आहे."

डाल्टन, हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी क्रेनकडे वळले. हॉलमध्ये काम थांबवायचं असेल तर दोन्ही हात डोक्यावर आडवे धरायचे असतात, तुला माहीत आहे. मी धरले. क्रेन थांबली. काचेपलीकडच्या माणसांचे कप ओठांपाशीच राहिले.

मग काय, अर्धा भाग मागे घेतला, लिफ्ट पुन्हा लावली, आणि एक सोडून चार माणसांनी इंच न् इंच तपासलं. आज दुपारी बारापर्यंत तेच चाललं होतं. उड्डाण दोन दिवस पुढे गेलं. आणि सापडलं काय? काही नाही. एक फीत नाही, एक खिळा नाही, धुळीचा कणसुद्धा नाही. माझं काम चोख होतं. एमेट हात चोळत म्हणाला, "अभिनंदन, तू तुझीच चूक शोधायला निघालीस आणि तीही मिळाली नाही."

गुणवत्ता विभागाच्या आयोन क्वार्ल्सबाईंनी मला खोलीत बोलावलं. तू त्यांना ओळखत नाहीस, तुझ्यानंतर आल्या. शांत बाई, चष्म्यावरून बघतात. त्या म्हणाल्या, "थांबवलंस ते नियमाला धरूनच होतं, तुला कुणी बोलणार नाही. पण मला सांग, झाकणं सगळी समोर होती, काढली होतीस तू स्वतः. मग तू इतकी का घाबरली होतीस?"

नियम आहे म्हणून, असं म्हणून मी उठू शकत होते. दार माझ्या मागे होतं. त्याऐवजी मी म्हणाले, "बारा वर्षांपूर्वी मी भावाचा शिक्का मारला होता."

आणि मग सगळं सांगितलं. तुलाही सांगते, कारण तुला मी ते कधीच सांगितलेलं नाही.

मी तेव्हा शिकाऊ होते. हॉटेलातल्या ट्रे उचलण्यातून सोडवून तू मला इथे आणलं होतंस. मला शिक्का नव्हता, मी करायचे आणि तू बघायचास. त्या दुपारी तू बाहेर गेलास. ममाच्या तपासण्यांचा निकाल यायचा होता, तू फोनवर असशील असं मला वाटलं. तुझा एकशे अठरा नंबरचा शिक्का बाकावर होता. एकच ओळ राहिली होती. तू येशील, मग पुन्हा सगळं थांबेल, मग सुपरवायझर माझ्याकडे बघेल. मी शिक्का उचलला आणि मारला. तू बघितलं असतंस तर दिसलं असतं, चंदेरी वेष्टणाखाली नळीच्या तोंडावर प्लास्टिकचं टोपण मी तसंच विसरले होते.

ते सापडलं तेव्हा अग्निबाण उभा होता. नऊ दिवस सगळं ठप्प. चौकशीत तू उभा राहिलास आणि म्हणालास, "मी पाहिलं, माझ्या नजरेतून सुटलं." मी त्याच खोलीत शेवटच्या खुर्चीवर बसून माझ्या बुटांकडे बघत होते. तुला काढलं. तुझा शिक्का त्यांनी हातोडीने फोडला, तोही तुझ्यासमोर. तू मला त्याविषयी एक शब्द बोलला नाहीस, ना रागाचा ना मायेचा. वर्षभराने मला माझा शिक्का मिळाला तेव्हा तुझं कार्ड आलं, त्यावर एवढंच होतं, "जपून वापर."

तेव्हा माझी खात्रीच पटली की शिक्का कुणी मारला ते तुला माहीत आहे. त्या दिवसापासून मी तुझ्याशी बोलायला घाबरले. तू ओरडला असतास तर मी रडले असते, माफी मागितली असती, आणि सगळं केव्हाच मिटलं असतं. तू ओरडला नाहीस. म्हणून मी बोटीचं निमित्त धरून बसले आणि तुझ्यावरच रुसले. काय बाई आहे मी.

क्वार्ल्सबाईंनी सगळं लिहून घेतलं. माझा शिक्का त्याच वेळी काढून टेबलावर ठेवायला सांगितला. वर्षभर मला हॉलमध्ये काम नाही. मी स्वतःहून सांगितलं म्हणून नोकरी राहिली. एमेटला लेखी ताकीद मिळाली. उद्यापासून मी बाहेरच्या खिडकीत बसून झगे आणि टोपडी वाटणार. आणि तुझ्या नावावरची जुनी नोंद ते बदलणार आहेत. पाकीट त्याचंच.

डाल्टन, मला माफ कर. असं लिहून काही होत नाही हे कळतं, तरी लिहिते. माझ्यामुळे तुझं आवडतं काम गेलं आणि मी तिथेच बसून पगार घेत राहिले.

तू उत्तर दिलं नाहीस तरी मी समजेन.

रॉयलीन

*

व्हॅल्डोस्टा, जॉर्जिया
२३ मार्च

रॉय,

दोन्ही पाकिटं एकाच दिवशी आली. पोस्टमनने एकत्र रबर बँड लावून टाकली. तू म्हणालीस तसं तुझं आधी वाचलं.

मला लिहायची सवय नाही, तेव्हा एका दमात लिहून टाकतो. वाँडा म्हणते, फोन कर. फोनवर मला हे जमणार नाही.

त्या दुपारी मी फोनवर नव्हतो. ममाच्या तपासण्यांचा निकाल आदल्या दिवशीच आला होता, चांगला होता, मी तुला सांगायचं विसरलो होतो. मी ट्रकमध्ये बसून रेडिओवर ब्रेव्ह्जची बेसबॉलची मॅच ऐकत होतो. शेवटचा डाव होता आणि तीन गडी तळांवर होते. शिक्का मी विसरलो नव्हतो, मुद्दाम ठेवून गेलो होतो. तुला तोंडाने काही बोललो नाही, पण मला माहीत होतं की तू हुशार आहेस, राहिलेली एक ओळ उरकशील. आणि खरं सांगायचं तर त्याआधीही दोनदा ठेवून गेलो होतो. तू तेव्हा मारला नाहीस इतकंच.

चौकशीत मी तुझं नाव घेतलं असतं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता, शिक्का बाकावर काय करत होता? आणि दुसरा, तू कुठे होतास? बेसबॉलसाठी मी अग्निबाण नऊ दिवस उभा ठेवला हे माझ्या तोंडून निघालं नसतं. त्यापेक्षा "नजरेतून सुटलं" बरं वाटलं. ते ऐकायला प्रामाणिक वाटतं.

मग सगळे म्हणायला लागले, डाल्टन बहिणीसाठी गप्प बसला. वाँडासुद्धा. तूही तसंच समजतेस हे मला कळत होतं. मी ते खोडून काढलं नाही. मला ते आवडत होतं, रॉय. चांगला माणूस असल्यासारखं वाटायचं. तुझ्याशी बोललो असतो तर ते सांगावं लागलं असतं, म्हणून बोललो नाही. "जपून वापर" हे मी मलाच म्हणत होतो.

आज मी तुझ्या त्या क्वार्ल्सबाईंना पत्र लिहून रेडिओचं सांगितलं आहे. त्यांनी माझं नाव स्वच्छ केलंय, आता बहुतेक पुन्हा घाण करतील. करू देत.

ती मॅच आम्ही हरलो.

एमेट नावाच्या त्या माणसाला माझा एक निरोप दे. म्हणावं, चाळीस मिनिटं फार नसतात, एखादा माणूस बारा वर्षं बस चालवतो.

उड्डाण कधी आहे ते कळव. शाळेला वसंताची सुट्टी लागते आहे.

डाल्टन

*

टायटसव्हिल
५ एप्रिल

माझ्या डाल्टन,

सुखरूप पोचलास हे वाँडाने फोनवर सांगितलं. तू झोपलायस म्हणाली. झोप.

तुझं पत्र मी झग्यांच्या खिडकीत बसून वाचलं होतं. हसू आलं आणि त्यासरशी रडूही, आणि नेमका एमेट टोपडं मागायला आला. तो म्हणाला, "काय झालं, तुझी आणखी एखादी चूक सापडली नाही का?" मी तुझा निरोप दिला. त्याने टोपडं उलटंच डोक्याला घातलं. हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मग म्हणाला, "मोठ्या मापाचा झगा देऊ नकोस, लिफ्टमध्ये अडकतो." त्या दिवसापासून तो प्रत्येक ओळीला वर चढून बघतो आणि प्रत्येक वेळी उतरल्यावर खिडकीतून मला ऐकू जाईल इतक्या जोरात आकडा सांगतो. चिडून सांगतो, पण सांगतो.

क्वार्ल्सबाईंनी तुझंही पत्र नोंदीत लावलं. मला म्हणाल्या, "तुमच्या घरात चुका कबूल करायची साथ आली आहे का?"

परवा वरच्या वाऱ्यामुळे उड्डाण रद्द झालं तेव्हा तुझा चेहरा पाहण्यासारखा होता. इतक्या वर्षांनी तू आलास आणि अग्निबाणाने पाठ फिरवली, असं तुला वाटलं असणार. मला मात्र आतून आनंद झाला होता. तू आणखी एक दिवस राहणार होतास. आपण तळलेले मलेट मासे खाल्ले, चिलटांनी फोडून काढलं, आणि एकदाही कामाविषयी बोललो नाही. इमोजीनमावशी तुला बघून म्हणाली, "हा कोण म्हातारा?" तरी तू तिला तीन वेळा मिठी मारलीस.

काल सकाळी नदीकाठी आपण दोघं उभे होतो. आजूबाजूला घडीच्या खुर्च्या, दुर्बिणी, रेडिओ. हॉलमध्ये इतकी वर्षं काढूनही मी पहिल्यांदाच एवढ्या गर्दीत उभी राहून उड्डाण पाहिलं. शेवटची दहा सेकंदं तू माझा हात इतका आवळलास की अंगठी रुतली, अजून वळ आहे. आधी नुसता उजेड दिसला, आणि तो वर सरकत असताना सगळीकडे शांतता. मिनिटभराने आवाज आला आणि छातीत घुमला. तू तोंड उघडून काहीतरी ओरडलास, ते मला ऐकू आलं नाही. काय ओरडलास?

अर्ध्या तासाने एमेटचा फोन आला. "उपग्रह बाणापासून सुटला," म्हणाला. मग दुपारी पुन्हा आला. "सौर पंख उघडले, बोलायला लागलाय." माझ्या जिवात जीव आला. तूही ट्रकच्या दारात उभा राहून टोपी काढलीस आणि डोक्यावरून हात फिरवलास. हॉलबाहेर उड्डाणानंतरची नेहमीची राजमा आणि मक्याच्या पावाची मेजवानी होती, मला बोलावणं होतं, पण मी गेले नाही. तुझ्याबरोबर पार्किंगमध्ये उभी राहायला मिळत होतं.

निघताना तू खिडकीची काच खाली घेऊन विचारलंस, "रॉय, एमेटने त्या दिवशी नीट वर चढून बघितलं असतं, तर तू कधी सांगितलं असतंस का?"

मी म्हणाले, "हायवेवर गर्दी होईल, निघ आता."

तू हसलास आणि गेलास. तुला वाटलं असेल, मी ऐकलं नाही. मी ऐकलं होतं. रात्रभर ते डोक्यात होतं.

नाही, डाल्टन. सांगितलं नसतं. आणखी सात वर्षांनी मी निवृत्त झाले असते, त्यांनी केक आणला असता, माझ्या शिस्तीवर कुणीतरी भाषण केलं असतं आणि मी मान डोलावून ऐकलं असतं. तू आधी गेला असतास तर मी वाँडाच्या शेजारी बसून तुझ्याविषयी चार चांगले शब्द बोलले असते आणि ते खोटं पोटात घेऊन घरी आले असते. तुझं पत्र वाचून तुला वाटलं असेल की आपली बरोबरी झाली. झालेली नाही. तू मला वाचवलंस असं वाटणं तुला आवडायचं, आणि तू मला वाचवलंस तरी मी तुला वाचवलं नाही, हे मला बारा वर्षं चालत होतं. एका माणसाने चाळीस मिनिटं वाचवायला पाहिली म्हणून मी खरं बोलले. माझ्या मनाने मी तिथे पोचले नसते.

हे तू समोर असताना सांगायचं धैर्य झालं नाही, कारण तुझा हात अजून गाडीच्या खिडकीवर होता आणि मला तो काढून घेतलेला बघायचा नव्हता. आता लिहिलं. एवढं लिहून झाल्यावर खिडकीत झगे वाटायला बसले आणि तीन जणांनी विचारलं, आज काय विशेष? माझं तोंड म्हणे उजळलंय.

राग आला तर फोन करून ओरड. मनसोक्त ओरड, मी फोन कानाला लावून ठेवीन. नाही आला तर जूनमध्ये पुढचं उड्डाण आहे, मागची खोली मी आजच झाडून ठेवली आहे. दोन्हींपैकी काहीही कर, पण पुन्हा माझ्यासाठी गप्प बसू नकोस.

तुझी बहीण, जिच्याकडे तुझ्यापासून लपवायला आता काहीच उरलेलं नाही,
रॉय